रोजची कीर्द, रविवारची खतावणी : ऑब्सिडियनमध्ये दिवसाचे नियोजन आणि सिंहावलोकन

व्यापाऱ्याच्या हिशेबाला दोन वह्या लागतात. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरवले जातात, आणि खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन ठेवले जातात, म्हणजे अमुक गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे हे पाहण्यासाठी वर्षभराची कीर्द उलटत बसावे लागत नाही. माझ्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. रात्री दुकानाच्या फळ्या लावल्यावर ते आधी कीर्द पुरी करीत आणि मगच जेवायला बसत. खतावणीचे काम रविवारी दुपारी निवांतपणे चाले. रोजनिशी लिहिण्याचे माझे प्रयत्न अनेक वर्षे फसत राहिले आणि त्याचे कारण मला फार उशिरा कळले : मी नुसती कीर्द लिहीत होते, खतावणी कधी केलीच नव्हती. लिहिलेले पान पुन्हा उपयोगी पडत नाही असे दिसले की लिहिणारा हात हळूहळू थांबतो.

पुढे जी पद्धत सांगितली आहे ती या दोन वह्यांवर आधारलेली आहे. दोन्ही वह्या एकाच ॲपमध्ये ठेवायच्या आहेत, आणि खतावणीचे बरेचसे काम ते ॲप स्वतःच करते. मी ऑब्सिडियन वापरते. २०२० साली आलेले हे ॲप संगणकावर आणि मोबाइलवर विनामूल्य चालते, त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, आणि आपण लिहिलेले सर्व काही आपल्याच यंत्रावरच्या एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फायली म्हणून राहते. उद्या हे ॲप बंद पडले तरी त्या फायली कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येतील, आणि रोजनिशी ही वर्षानुवर्षे टिकावी अशी वस्तू असल्यामुळे मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

आधी वेळ ठरवावी, मग ॲप उतरवून घ्यावे

दिवसातून दोनदा लिहायचे आहे : सकाळी पाच मिनिटे आणि रात्री दहा मिनिटे. या वेळा घड्याळाच्या काट्यावर ठरवण्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला जोडून ठरवाव्यात. ‘सकाळी साडेसातला’ असे ठरवले की सुट्टीच्या दिवशी आणि पाहुणे आले की ते मोडते. ‘सकाळचा चहा हातात आल्यावर’ आणि ‘रात्री दुधाचे पातेले फ्रिजमध्ये ठेवल्यावर’ असे ठरवले तर ते टिकते, कारण चहा आणि दूध दोन्ही रोज असतातच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडून एक नवी सवय लावून घ्यायला सांगितले आणि त्यांच्यावर बारा आठवडे लक्ष ठेवले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता. हिशेबाने तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. नवशिक्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. तीन आठवड्यांत जमले नाही म्हणून आपल्याला हे जमणारच नाही असे समजू नये. आणि एखादा दिवस चुकला तर नव्या महिन्यापासून पुन्हा पहिला दिवस धरू नये, कारण एखाद्या खाड्याने सवयीच्या घडणीत फारसे बिघडत नाही असे याच अभ्यासात दिसले होते. चुकलेल्या दिवसाचे पान मागाहून भरून काढण्याचीही गरज नाही. ते कोरे राहू द्यावे.

पहिल्या दिवशीची मांडणी

ॲप उघडल्यावर ते नवी ‘व्हॉल्ट’ तयार करायला सांगते. व्हॉल्ट म्हणजे आपल्या सर्व नोंदींचा मुख्य फोल्डर. त्याला ‘रोजनिशी’ असे नाव द्यावे. आयफोनवर लिहिणार असाल आणि मॅकवरही वाचायचे असेल, तर याच टप्प्यावर आयक्लाउडमध्ये ठेवण्याचा पर्याय निवडावा. अँड्रॉइडवर फोनच्या साठ्यात ठेवले तरी पुरेसे आहे. पहिला महिनाभर एकाच यंत्रावर लिहावे असा माझा आग्रह आहे, कारण दोन यंत्रांवरच्या फायली जुळवण्याच्या खटपटीत लिहिण्याचा उत्साह संपून गेलेला मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे.

व्हॉल्टमध्ये तीन फोल्डर करावेत : ‘रोज’, ‘खाती’ आणि ‘साचे’. त्यानंतर सेटिंग्जमधल्या ‘कोअर प्लगिन्स’ या यादीत (म्हणजे ॲपसोबतच येणाऱ्या, हव्या तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या जादा सोयींच्या यादीत) ‘डेली नोट्स’ चालू आहे ना, ते पाहावे आणि त्याच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी ठरवून टाकाव्यात. तारखेची मांडणी जशी दिलेली असते तशीच, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ठेवावी. आपल्याला आधी दिवस लिहिण्याची सवय असली तरी वर्ष पुढे असल्यामुळे फायलींची नावे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नवी फाइल ‘रोज’ या फोल्डरमध्ये जावी असे सांगावे. टेम्प्लेट (साचा) म्हणून ‘साचे’ फोल्डरमधली आपली फाइल दाखवावी, जी आपण आता तयार करणार आहोत. आणि ॲप उघडताच आजचे पान समोर यावे हा पर्याय चालू करावा.

शेवटच्या पर्यायाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. मोबाइलवर ॲप बंद न होता मागे नुसते झाकलेले राहते, त्यामुळे सकाळी ते समोर आणल्यावर कालचेच पान दिसू शकते. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी वरची तारीख वाचावी, आणि ती कालची असेल तर आजचे पान उघडण्याची खूण दाबावी. तसेच रात्री बारा वाजून गेल्यावर आजचे पान म्हणून दुसऱ्या दिवसाचे पान उघडते, हे जागरण करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बाहेरच्या लोकांनी तयार केलेली हजारो प्लगिन्स या ॲपला जोडता येतात. पहिले दोन महिने त्यांच्याकडे वळूनही पाहू नये. या पद्धतीला त्यांतले एकही लागत नाही.

साचा

‘साचे’ फोल्डरमध्ये ‘दिवस’ नावाची नोंद करून तिच्यात एवढेच लिहावे :

## सकाळ
ठरलेल्या वेळा :
- [ ]
- [ ]
- [ ]

## दिवसभर

## रात्र
झाले :
अडले, आणि कशामुळे :
उद्याचे पहिले काम :

ओळीच्या सुरुवातीची ‘##’ ही खूण त्या ओळीचे शीर्षक करते, आणि आडव्या रेघेनंतर रिकामी जागा ठेवलेला चौकोनी कंस म्हणजे टिकमार्क करण्याचा चौकोन होतो. साच्यात तारीख घालण्याची गरज नाही, ती पानाच्या नावातच आहे. मनःस्थितीला गुण देणे, किती पेले पाणी प्यायले ते मोजणे, कृतज्ञतेच्या पाच ओळी लिहिणे असे रकाने अनेक तयार साच्यांत असतात. ते कोणाला उपयोगी पडत नसतील असे मी म्हणत नाही, पण रोज कोरा राहणारा प्रत्येक रकाना हा रोजचा एक छोटा आरोप होऊन बसतो. म्हणून साचा लहान ठेवावा आणि एखादी ओळ पंधरा दिवस स्वतःहून लिहिली गेली तरच ती साच्यात कायम करावी.

सकाळची पाच मिनिटे

आधी ज्या वेळा आपल्या हातात नाहीत त्या लिहाव्यात : दवाखान्याची वेळ, मुलीला शिकवणीहून आणणे, अकराची बैठक. त्या लिहिल्यावर उरलेला दिवस खरोखर किती आहे ते दिसते, आणि तो बहुधा आपल्या समजुतीपेक्षा बराच लहान असतो. मग त्यात बसतील अशी तीनच कामे चौकोनांपुढे लिहावीत. तीन हा आकडा मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. दहा कामे लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवसाचे नियोजन केलेले नसते, त्याने फक्त डोक्यातला ढिगारा कागदावर हलवलेला असतो.

आपला अंदाज चुकतो हे गृहीतच धरावे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. हाच हिशेब घरच्या कामांना लावला, तर तासाभराचे वाटणाऱ्या कामाला निदान दीड तास धरणे शहाणपणाचे ठरते.

काम लिहिताना त्याला क्रियापद द्यावे आणि शक्य असेल तर प्रसंगही द्यावा. ‘बँक’ असे लिहू नये. ‘जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन पासबुक भरून घेणे’ असे लिहावे.

दिवसभर

इथे फारसे लिहायचे नसते. वेळ आणि एक ओळ पुरे आहे : कोणी काय कबूल केले, कुठे काय ठेवले, काय सुचले. फोनवर देवनागरी टंकन सावकाश होत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावे. शुद्धलेखन रात्री पाहता येते.

रात्रीची दहा मिनिटे

या दहा मिनिटांवर सारे अवलंबून आहे आणि नवशिके नेमकी हीच टाळतात, कारण न झालेल्या कामांकडे पाहणे कोणालाच आवडत नाही. म्हणून सुरुवात ‘झाले’ या ओळीपासून करावी आणि तीत सकाळच्या यादीबाहेरचे कामही लिहावे. शेजारच्या आजोबांचा गॅस लावून दिला, हे यादीत नव्हते पण दिवसातले एक काम होतेच.

मग ‘अडले’ ही ओळ. इथे ‘आळस’ हा शब्द वापरायचा नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, कारण तो शब्द लिहिला की चौकशी तिथेच संपते. माझ्याच रोजनिशीतले उदाहरण देते. वडील गेल्यानंतर गावाकडच्या जमिनीच्या सात-बारावर वारसांची नोंद करायची होती. ‘वारस नोंदीचे काम’ अशी ओळ माझ्या पानांवर सलग एकोणीस दिवस होती, आणि एकोणीस दिवस तिचा चौकोन रिकामा राहिला. विसाव्या रात्री मी ‘कशामुळे’ या शब्दापुढे प्रामाणिकपणे लिहायला बसले :

अडले : वारस नोंद. कशामुळे : तलाठ्याकडे अर्ज करायचा आहे. अर्जात गट नंबर लागेल. गट नंबर मला माहीत नाही. बाबांच्या कागदांत तो असणार, पण ती ट्रंक उघडायचे धैर्य होत नाही. काकांना माहीत असेल.
उद्याचे पहिले काम : चहा झाल्यावर काकांना फोन करून गट नंबर विचारणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला तो फोन झाला. चार मिनिटे लागली. पुढचे अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र ही कामे आपापला वेळ घेऊन झाली, पण अडलेले गाडे त्या चार मिनिटांनी सुटले. एखादे काम तीन दिवस पुढे ढकलले गेले की ते काम आपण नीट लिहिलेलेच नाही असे समजावे, आणि त्याची पहिली, हाताने करता येणारी पायरी शोधावी. कधीकधी असेही दिसते की ते काम करण्याची आपल्याला गरजच उरलेली नाही. मग ते खोडून टाकावे आणि ते का खोडले हे एका ओळीत लिहावे.

उद्याचे पहिले काम रात्रीच लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला लावले. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामे लिहिली आणि निम्म्यांनी झालेली कामे लिहिली. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी अधिक तपशिलाने लिहिले त्यांना आणखी लवकर. मी अंथरुणावर पडून उद्याच्या कामांची उजळणी करीत असे, ती सवय या एका ओळीने सुटली.

खाती उघडणे

आता खतावणी. दिवसाच्या पानात एखादा विषय पुन्हा पुन्हा येतो असे दिसले की त्या शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घालावा : [[वारस नोंद]]. तो शब्द आता दुवा झाला. त्यावर बोट ठेवले की त्या नावाची नवी नोंद तयार होते. तेच त्या विषयाचे खाते. नव्या नोंदी ‘खाती’ फोल्डरमध्ये जाव्यात अशी सूचना ‘फाइल्स अँड लिंक्स’ या सेटिंगमध्ये एकदा देऊन ठेवावी. यापुढे कोणत्याही दिवशीच्या पानात हा दुवा आला की त्या दिवसाची ती ओळ खात्याच्या ‘बॅकलिंक्स’ यादीत आपोआप दिसू लागते, आणि ही यादी नोंदीच्या तळाशीच दिसावी अशी सोय त्याच प्लगिनच्या सेटिंगमध्ये आहे. वडील रविवारी जे हाताने उतरवून काढीत ते इथे लिहिता लिहिताच होते.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक अडचण येते, तिचा उलगडा इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही. आपल्या नामांना विभक्ती लागताना त्यांचे रूप बदलते. ‘दुकान’ शोधले तर ‘दुकानात’ सापडते, कारण मूळ अक्षरे जशीच्या तशी राहतात. पण ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याचा’ सापडत नाही आणि ‘पाऊस’ शोधले तर ‘पावसात’ सापडत नाही. म्हणून खात्याचे नाव नेहमी मूळ रूपात ठेवावे आणि वाक्यात बदललेले रूप हवे असेल तेव्हा उभी रेघ वापरावी : [[पाणी|पाण्याचा]] टँकर आज आला नाही. वाचताना ‘पाण्याचा’ दिसते, नोंद ‘पाणी’ या खात्यावर होते. एवढे टंकण्याचा कंटाळा येत असेल तर ओळीच्या सुरुवातीला दुहेरी कंसात खात्याचे नाव लिहून पुढे अपूर्णविराम ( : ) द्यावा आणि मग हवे तसे वाक्य लिहावे. जुन्या कीर्दीतही आधी नावच येत असे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक त्रासदायक आहे. ‘ॲ’ हे अक्षर काही कीबोर्ड एकसंध चिन्ह म्हणून देतात आणि काही ‘अ’वर चंद्र ठेवून बनवतात, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यांतल्या अर्ध्या र-चेही दोन प्रकारचे टंकन प्रचलित आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲपच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असतात, आणि एका विषयाची नकळत दोन खाती उघडली जातात. संगणकावर एक आणि फोनवर दुसरा कीबोर्ड वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होते. यावर सोपा उपाय असा की दुहेरी कंस सुरू करताच ॲप आधीच्या खात्यांची यादी पुढे करते. दोन अक्षरे लिहून त्या यादीतूनच नाव निवडावे, पूर्ण नाव कधीही नव्याने टंकू नये.

खाती किती असावीत याला मर्यादा हवी. माझी एकवीस आहेत आणि त्यांतली सातच दर आठवड्याला हलतात. प्रत्येक माणसाच्या, प्रत्येक गावाच्या नावाला कंस घालत गेले तर खतावणीचीच कीर्द होते.

सुरक्षितता

साध्या मजकुराच्या फायलींना ॲपकडून कुलूप नसते. ज्याच्या हाती उघडा फोन पडेल त्याला त्या वाचता येतील, म्हणून फोनचे स्वतःचे कुलूप चालू असावे आणि पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे तपशील रोजनिशीत लिहू नयेत. चुकून खोडलेला मजकूर ‘फाइल रिकव्हरी’ या कोअर प्लगिनमध्ये काही दिवसांपर्यंत सापडतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा अख्खा ‘रोजनिशी’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा.

रविवारचा अर्धा तास

आठवड्याची सात पाने क्रमाने वाचावीत. वाचताना तीनच गोष्टी कराव्यात : ज्या शब्दांना कंस घालायचे राहिले त्यांना घालावेत, ज्या चौकोनांचा निर्णय झाला नाही त्यांचा करावा, आणि हललेली खाती उघडून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला ‘आजची स्थिती’ अशी तारखेसह एक ओळ लिहावी. वारस नोंदीच्या खात्यावर माझी अशी ओळ होती : ‘अर्ज दिला, पोच मिळाली, फेरफाराची वाट पाहणे.’ पुढच्या रविवारी पंचवीस पाने न उलटता एवढी ओळ वाचून पुढे जाता येते.

पहिले तीन-चार रविवार खाती रिकामी वाटतील आणि हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटेल. तो तरीही द्यावा, कारण खात्याची किंमत तारखा साठल्यावरच कळते. गेल्या पावसाळ्यात आईला मधूनमधून चक्कर येत होती. दर वेळी मी दिवसभराच्या नोंदीत एक ओळ लिहून पुढच्या कामाला लागत असे : ‘[[आईची चक्कर]] : ६:५०, उठल्यावर, भिंतीला धरून बसली.’ डॉक्टरांनी जेव्हा चक्कर केव्हापासून आणि कधी येते असे विचारले, तेव्हा आई म्हणाली, ‘अधूनमधून, कधीही.’ मी फोनवर ते खाते उघडून त्यांच्यापुढे धरले. अकरा तारखा होत्या आणि त्यांतल्या नऊ सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबरच्या होत्या. डॉक्टरांनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आईचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजला, आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलून दिली.